चिंचणीचे ताम्रपट आणि आपल्या गावांचा इतिहास

सन १९५५ साली डहाणू तालुक्यातील चिंचणी गावी एक शेतकरी आपले शेत कसत असता जमिनीतून तांब्याचे पत्रे निघाले. मोजले तेव्हा नऊ भरले. त्यांवर बारीक अक्षरे कोरलेली होती. तांब्याला बाजारात भाव असतो, आणि अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तांबे ते तांबेच. ते पत्रे एखाद्या तांबटाच्या भट्टीत गेले असते तर त्याचा एखादा हंडा झाला असता, आणि आज जे मी लिहीत आहे ते लिहिता आले नसते. सुदैवाने पत्रे सरकारी पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचले. भारत सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन करून 'एपिग्राफिया इंडिका' या ग्रंथमालेच्या ३२ व्या खंडात ते प्रसिद्ध केले.

चिंचणी म्हणजे तारापूरची जुळी वस्ती. बोईसर स्टेशनावर उतरून आपण ज्या रस्त्याने जातो, त्याच रस्त्यावरचे गाव. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे मनात येण्याचे कारण त्या पत्र्यांवर काय लिहिले आहे त्यात आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांना ते ठाऊक आहे.

नऊ पत्र्यांत मिळून पाच दानलेख आहेत. त्यांतील सर्वांत जुना राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. भाषा संस्कृत, लिपी त्या काळची नागरी. दुसरा त्याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाच्या काळचा, आणि उरलेले तीन पुढील शतकातले. लेखांत पुन्हा पुन्हा येणारे गाव संयान, म्हणजे आजचे संजाण. इ. स. १९६० साली राज्याची फाळणी होईपर्यंत उंबरगावचा तो सर्व टापू ठाणे जिल्ह्यातच होता. आज तो गुजरातेत गेला, आणि आपण १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे झालो. पण इंद्रराजाच्या वेळी हा सारा किनारा 'संयान मंडल' या एकाच कारभारात मोडत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. या मंडलाचा कारभारी कोण होता? ताम्रपट सांगतो की तो 'ताजिक' कुळातला, सहियारहार याचा पुत्र मधुमती. त्याचेच दुसरे नाव सुगतिप. ताजिक हा त्या काळी अरबांसाठी वापरला जाणारा शब्द. मधुमती म्हणजे मुहम्मद. सहियारहार हे नाव शहरियार असावे, आणि ते तर इराणी नाव. संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने आपल्या वळणाने लिहून काढले. आपल्या शाळेच्या दाखल्यांवर आजही आपल्या नावांचे काय काय होते हे पालकांना सांगण्याची गरज नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या पंडिताला आपण माफ करू.

या मुहम्मदाला संयान मंडल मिळाले ते तिसऱ्या इंद्राच्या आधीचा सम्राट दुसरा कृष्ण याच्या कृपेने. आजूबाजूच्या बंदरांचे जे नायक होते त्यांना त्याने आपल्या धन्यासाठी जिंकले व तेथे आपले अधिकारी बसविले, असे लेखात आहे. म्हणजे तो केवळ व्यापारी नव्हता. बंदरे कशी चालतात, गलबते केव्हा येतात, जकात कोठे चुकते हे ज्याला कळते अशा माणसाच्या हाती सम्राटाने किनारा दिला होता. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट घाटापलीकडे दूर कर्नाटकात. समुद्राशी त्यांचा रोजचा संबंध नव्हता. ज्यांचा होता त्यांना त्यांनी कामाला लावले. यात औदार्य आहे तसा राजकारणाचा हिशेबही आहे, आणि दोन्ही सांगितले पाहिजेत.

पुढचा मजकूर मला व्यक्तिशः सर्वांत अधिक आवडतो. या सुगतिपाने दोन नद्यांवर विनामूल्य तरी सुरू केली, आणि एक अन्नछत्र घातले, तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आपला किनारा ज्याने पायी पाहिला आहे त्याला तरीचे मोल सांगावे लागत नाही. वैतरणेपासून दमणगंगेपर्यंत दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. पूल नव्हते तेव्हा समोर दिसणाऱ्या गावी जायला तरीवाल्याची वाट पाहावी लागे, भरती-ओहोटी पाहावी लागे, आणि खिशात पैसा लागे. ज्याच्याकडे तो नसे तो अलीकडेच राही. तेव्हा फुकट तर म्हणजे गरिबाला बाजार, वैद्य आणि नातलग मिळवून देणारी गोष्ट. तांब्यावर कोरण्याइतके हे काम मोठे आहे असे त्या काळच्या लोकांना वाटले.

आणि ज्यासाठी हा लेख कोरला गेला ते दान असे: सुगतिपाचा एक मंत्री होता पुव्वैय. त्याचा मित्र अन्नैय नावाचा ब्राह्मण. त्याने संयान येथे एक मठिका बांधली व तीत भगवती देवीची स्थापना केली. त्या मठिकेसाठी मुहम्मद सुगतिपाने, आपला सार्वभौम राजा इंद्रराज याच्या संमतीने, कोलिमहार विषयातील कणाडुक हे गाव व देवीहार येथील काही जमीन दिली. उत्पन्नाचा विनियोगही ठरवून दिला: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि तेथील ब्राह्मण परिषदेतील नऊ जणांचे भोजन. आजच्या भाषेत बोलायचे तर ट्रस्ट डीडच.

या लेखानंतर सुमारे शंभर वर्षांनी, शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ मध्ये, त्याच मठिकेला शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने एक तेलाचा घाणा दिला. देवीपुढे दिवा जळावा व तेथे अध्ययन करणाऱ्यांच्या पायाला लावावयास तेल मिळावे, यासाठी. या दानपत्रात गावातील ज्या प्रमुखांना उद्देशून आज्ञा सांगितली आहे त्यांत हिंदू श्रेष्ठींच्या नावांबरोबर अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे येतात. म्हणजे अली आहे आणि आणखी एक मुहम्मद आहे. त्याच यादीत 'हंजमन' हाही शब्द आहे. तो पारशांची अंजुमन असावी असे विद्वान मानतात. शंभर वर्षांत राज्य बदलले, राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले. पण गावच्या यादीत नावे तीच राहिली.

विद्यार्थी विचारतील, एका ताम्रपटावर इतका भरवसा का ठेवावा? योग्य प्रश्न आहे. इतिहासात एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहावे लागते. येथे दुसरा साक्षीदार अरबी भाषेत आहे. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, सैमूर म्हणजे आपल्या कोकणातील चौल बंदरी आला होता. तेथे सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व येथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांचा प्रमुख राजा नेमीत असे, त्याला 'हुनरमन' म्हणत, आणि समाजातील तंटे तोच निवडीत असे. या देशच्या 'बल्हारा' राजाइतका मुसलमानांचा मान राखणारा दुसरा राजा हिंदुस्थानात नाही, असेही तो सांगतो. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. मसूदीची भेट आणि चिंचणीचा लेख यांत जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे. एक अरबी, एक संस्कृत. दोघांनी एकमेकांचे लिखाण पाहिलेले नाही. आणि दोघेही एकच चित्र काढतात.

तिसरा साक्षीदार जमिनीखालून आला. सन २००२ ते २००४ या काळात संजाण येथे उत्खनन झाले. त्यासाठी वर्ल्ड झरथुश्ती कल्चरल फाउंडेशन या पारशी समाजाच्या संस्थेने पुढाकार घेतला होता. आपले पूर्वज इराणातून संजाणला उतरले ही 'किस्सा-इ-संजाण' मधील कथा कितपत खरी, हे त्यांना खणून पाहायचे होते. तेथे निळसर हिरव्या झिलईची पश्चिम आशियातील भांडी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि पारशांचा एक जुना दखमा सापडला. आठव्या शतकापासून पुढे या बंदराचा इराणी आखाताशी चांगला व्यापार होता हे त्यावरून दिसून आले. मला त्या खापरांइतकेच कौतुक वाटते ते संख्येने इतक्या लहान असलेल्या त्या समाजाचे. आपली कथा पणाला लावून त्यांनी कुदळ उचलली.

येथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. चिंचणीच्या ताम्रपटाची हकीकत मी एकदोन बैठकांत सांगितली तेव्हा लगेच कोणी तरी म्हणाले, "म्हणजे आपण त्या मुहम्मद सुभेदाराचे वंशज!" नाही. असा काहीही पुरावा नाही. आपल्या पालघर, मनोर, बोईसर, तारापूरकडील घराणी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या ठिकाणांहून आली. काही येथल्याच मातीत जन्मून या धर्मात आली. कोणी खलाशी, कोणी शेतकरी, कोणी काझी-खतीब, कोणी कारखान्यात नोकरीला आलेले. उलट बाजूने आपल्या मुलांना शाळा-कॉलेजात कधी ऐकावे लागते की तुम्ही बाहेरचे. तेही या ताम्रपटापुढे टिकत नाही. या किनाऱ्यावर अरबी नावाची माणसे अकराशे वर्षांपूर्वी राज्यकारभार करीत होती, गावच्या यादीत होती, आणि शेजाऱ्याच्या देवीच्या दिव्याला तेल देण्याच्या व्यवहारात साक्षीला होती, एवढे सिद्ध आहे. त्यापुढे एक पाऊलही टाकू नये. फुशारकीसाठी इतिहास वाकविला की तो दुसऱ्यालाही वाकविता येतो.

मग आपल्या स्वतःच्या घराण्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? तो कोणी तरी आणून देईल या आशेवर बसणाऱ्यांनी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे चरित्र वाचावे. हा माणूस गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवरून, कोठीघरांतून, वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतून कागद गोळा केले, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड छापले. उत्तर कोकणची 'महिकावतीची बखर' त्यांनीच १९२४ साली प्रकाशात आणली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली त्यांच्याच प्रेरणेने निघाले. मंडळाची पद्धत साधी होती: सभासदाने कागद आणावा, सभेत वाचावा, बाकीच्यांनी त्यावर शंका घ्याव्यात, मग छापावा. शंका घेणे हा त्यातील महत्त्वाचा भाग.

आपल्या कोकणात हे काम पुढे नेणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे. डॉ. दाऊद दळवी हे ठाण्याच्या ज्ञानसाधना महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कोकण इतिहास परिषदेचे ते संस्थापक अध्यक्ष. 'लेणी महाराष्ट्राची' व 'असे घडले ठाणे' ही त्यांची पुस्तके. कोकणी मुसलमान घरातला हा माणूस बौद्ध लेणी आणि शिवमंदिरे यांवर अधिकाराने बोले, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नसे. आज ते हयात नाहीत. परंतु परिषदेच्या अधिवेशनांत शिक्षक, निवृत्त कारकून, डॉक्टर, विद्यार्थी आपापल्या गावच्या वीरगळावर, किल्ल्यावर निबंध वाचतात. मध्ययुगीन कोकणातील मुस्लिम समाजांवर डॉ. मोमीन मोहियुद्दीन यांनी केलेले कामही मोठे आहे. वसईकडे 'किल्ले वसई मोहीम' ची तरुण मंडळी किल्ल्यांची सफाई करतात, माहिती देतात. या सर्वांच्या याद्या चाळल्या तर पालघर-बोईसरकडील आपल्या समाजाच्या कागदपत्रांची नोंद फार थोडी दिसते. कोणी मुद्दाम गाळली असे मला वाटत नाही. आपण कागद दाखवायला नेलेच नाहीत.

तारापूरचा किल्लाच घ्या. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार पडला, आणि त्यानंतर मे महिन्यात वसई आली. या मोहिमेचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या 'पेशवे दफ्तर' च्या ४५ खंडांत छापलेला आहे. सुरुंग कोठे लावला, कोण जखमी झाला, सर्व कळते. पुढे किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनाम गेला, तीही नोंद आहे. पण त्या जानेवारीत किल्ल्याच्या तटाखाली राहणारे मच्छीमार, विणकर, मोहल्ल्यातली माणसे कोठे गेली, परत केव्हा आली? हे सेनापतीच्या पत्रात सापडणार नाही. सापडलेच तर एखाद्या घरच्या फाळणीपत्रात, मशिदीच्या जमिनीच्या सनदेत, किंवा कबरीच्या दगडावर सापडेल.

आणि ही साधने आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, माणसे दुसरीकडे वसली. घरे पाडताना भिंतीतल्या कोनाड्यांतून काय काय निघाले असेल आणि काय काय राहून गेले असेल! आता वाढवणचे बंदर होऊ घातले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन पालघर येथे झाले. बंदर हवे की नको यावर किनाऱ्यावर तीव्र मतभेद आहेत आणि तो वाद येथे काढत नाही. परंतु ज्या किनाऱ्यावर मुहम्मद सुगतिपाने बंदरे राखली त्याच किनाऱ्याचे रूप बदलणार, तेव्हा आहे ते टिपून ठेवण्याचे काम पुढच्या काही वर्षांतच करावे लागेल.

हे काम आपल्या हायस्कूलच्या मुलामुलींना जमण्यासारखे आहे. जुन्या कब्रस्तानातील अक्षर असलेल्या प्रत्येक दगडाचे सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. तिरप्या उन्हात झिजलेले अक्षर उठून दिसते. दगडावर चुना, ऑइलपेंट, ॲसिड काहीही लावू नये; स्वच्छतेच्या हौसेने आपण जितके लेख पुसले तितके पावसानेही पुसले नसतील. घरातील कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये. छायाचित्र काढून मूळ कागद ज्याचा त्याला परत द्यावा. कागद मागायला गेलेल्यांवर लोक संशय घेतात, कारण जमिनीच्या वादात कागद म्हणजे हत्यार. तेव्हा परत देण्याचा शब्द तंतोतंत पाळावा. आणि घरातील नाना-नानी, दादा-दादी यांच्याजवळ बसून खाडीची, विहिरींची, होड्यांच्या भागांची, शेतांची नावे लिहून घ्यावीत. सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी. दोन माणसांनी दोन तऱ्हेने सांगितले तर दोन्ही लिहावे.

अडचण लिपीची आहे. आपल्या घरांतील जुने कागद बहुतेक मोडीत, काही फारसीत. मुले म्हणतात, हे उर्दू नाही आणि मराठीही नाही. पण मोडी ही मराठीच आहे, फक्त हात न उचलता लिहिलेली. दोन-तीन महिन्यांच्या वर्गात ती वाचता येऊ लागते. मुंबई-ठाण्याकडे असे वर्ग भरतात, आपल्याकडेही भरविता येतील. उर्दू येणाऱ्या मुलाला फारसी अक्षर ओळखीचे. त्याला मोडीही आली तर तो अशी दोन कुलपे उघडू शकेल, जी पुण्याच्या पुष्कळ संशोधकांनाही एकट्याने उघडता येत नाहीत.

माझ्या घरची गोष्ट सांगून आटोपतो. आमच्याकडे पत्र्याची एक ट्रंक होती. घर नव्याने बांधताना तीतले बहुतेक कागद वाळवी लागलेले म्हणून आम्हीच चुलीत घातले. मीही तेथे होतो, शिकलेला होतो, आणि एक शब्द बोललो नाही. ट्रंकेच्या तळाला चिकटलेला एकच कागद राहिला. अनेक वर्षांनी मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याला तो दाखविला. ताडाच्या झाडांच्या वाटणीचा साधा करार निघाला. झाडे किती, कोणत्या बांधावरची, कोणाला कोणती. खाली भावांच्या सह्या, त्यानंतर एका बाईचे नाव. ते नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वंशावळीत आम्ही पुरुषच लिहिले होते. तिला लिहिता येत नव्हते. तिच्या नावापुढे शाईने एक वाटोळी बांगडी काढलेली आहे, आणि बाजूला कारकुनाच्या हातचे दोन शब्द आहेत: निशाणी बांगडी.